रन-फ्लॅट काढायचे? आधी स्टेपनीचं बोला

वाचकाचं पत्र:

"आमची गाडी सहा वर्षांची, वापरलेलीच घेतली. तिला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर आहेत आणि चारही आता संपत आलेत. टायरवाला म्हणतो, 'साधे टाका, रन-फ्लॅटचं पंक्चरही निघत नाही.' नवऱ्यानं मित्राची अशीच गाडी नव्या साध्या टायरांवर चालवून पाहिली, तेव्हापासून तोही साध्याच्या बाजूनं. सासऱ्यांना मणक्याचा त्रास आहे, गाडी खड्ड्यात आदळली की कळवळतात, त्यामुळे त्यांचं मत वेगळं सांगायला नको. पण गाडी जास्त मी चालवते. माझी कामाची पाळी रात्री उशिरा संपते, घर ३५ किलोमीटरवर, बराचसा रस्ता महामार्गाचा, आणि मी एकटी असते. गाडीत स्टेपनी नाही, ठेवायला जागाही नाही. तीन मतं एकीकडे आणि मी एकीकडे. मी उगीच घाबरतेय का?"

उत्तर:

ताई, उगीच नाही. तिघेही टायरात हवा असताना गाडी कशी चालते ते सांगताहेत. तुम्ही हवा गेल्यावर काय होईल ते विचारताय. रन-फ्लॅट घ्यायचे की नाही, हे तुमच्या प्रश्नावर ठरतं, त्यांच्या नाही.

तुमच्या जागी मी रन-फ्लॅटच ठेवेन. मात्र काही गोष्टी आधी तपासून घेईन, कारण त्या नीट नसतील तर रन-फ्लॅटचा उपयोग अर्धाही उरत नाही. आणि नवऱ्याचं म्हणणं खोटं आहे असंही समजू नका. त्याला जे जाणवलं ते खरंच आहे. त्याचं कारण मात्र त्याला वाटतं तेवढंच नाही.

रन-फ्लॅट म्हणजे पंक्चर न होणारा टायर, असा समज बराच पसरलाय. खिळा घुसला की त्याचीही हवा जाते, साध्या टायरची जाते तशीच. फरक त्यानंतरचा. एरवी गाडीचं ओझं टायरचं रबर पेलत नसतं, आतली दाबलेली हवा पेलत असते. साध्या टायरची बाजूची भिंत पातळ असते. हवा गेली की ती दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडते, आणि तसंच पुढे रेटलं तर टायर रिमवरून सुटतो. रन-फ्लॅटच्या भिंतीत उष्णता सोसणाऱ्या रबराचा एक जाड थर घातलेला असतो, मधे जाड आणि वरखाली निमुळता. हवा गेल्यावर गाडी या भिंतीवर उभी राहते. टायरची कड निसटू नये म्हणून अशा गाड्यांच्या रिमलाही बहुधा आतून जरा जास्त उंच उंचवटा ठेवलेला असतो.

ही भिंत ओझं पेलते, पण फार काळ नाही. चाक फिरताना ती प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, त्यातून रबर तापत जातं, आणि तापलेलं रबर अखेर फाटतं. म्हणून मर्यादा आली. बहुतेक कंपन्या सांगतात तो हिशेब असा: हवा पूर्ण गेल्यावर वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत आणि अंतर सुमारे ८० किलोमीटर. हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. गाडीत माणसं आणि सामान जास्त, रस्ता तापलेला, वेग जास्त, की अंतर घटतं. काही गाड्यांच्या पुस्तिकेत पूर्ण भरलेल्या गाडीसाठी ८० च्या जागी ३० किलोमीटर लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीची पुस्तिका काढून हे पान एकदा वाचाच.

आता हा हिशेब तुमच्या रात्रीवर लावून पाहा. तुम्ही एकट्या, डिकी रिकामी, रात्रीचा थंड रस्ता, अंतर ३५ किलोमीटर. कामावरून निघाल्या निघाल्या पंक्चर झालं तरी घर या टायरच्या टप्प्यात येतं. रन-फ्लॅट ज्या प्रसंगासाठी बनवला, नेमका तोच तुमचा रोजचा प्रवास आहे. महामार्गाच्या कडेला अंधारात उतरून जॅक लावणं हे कुणासाठीच सुखाचं काम नाही. शेजारून ताशी शंभरच्या वेगानं वाहनं जात असताना चाक बदलणाऱ्याला धोका चाकापेक्षा त्या वाहनांचा जास्त असतो. तो प्रसंगच टळतो, ही रन-फ्लॅटची खरी कमाई. बाकी सगळे फायदे माझ्या मते किरकोळ आहेत.

आणखी एक फायदा आहे, पण त्याची जाहिरात फारशी होत नाही. वेगात असताना टायर अचानक बसला तर साध्या टायरवर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग हातातून जायला बघतं. रन-फ्लॅटची भिंत गाडीला एकदम खाली बसू देत नाही, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत ताबा टिकवणं सोपं जातं. तेवढ्यानं निर्धास्त मात्र होऊ नका. हवा गेलेल्या रन-फ्लॅटवरही ब्रेकचं अंतर वाढतं आणि वळणावर पकड कमी होते. डॅशबोर्डवर हवा गेल्याचा इशारा दिसला की पाय हळूच उचलायचा, करकचून ब्रेक दाबायचा नाही, वळणं सावकाश घ्यायची.

इशारा दिसला की, असं म्हटलं खरं. तो दिसतो का, हे तुम्हाला आधी तपासायचंय, आणि माझ्या दृष्टीनं टायर निवडण्यापेक्षाही हे काम आधीचं आहे.

साध्या टायरची हवा गेली की गाडी स्वतःच सांगते: लंगडते, आवाज करते, ओढते. रन-फ्लॅट इतका ताठ असतो की हवा बरीच उतरली तरी चालवणाऱ्याला कळतच नाही. बाहेरून पाहिलं तरी तो बसलेला दिसेलच असं नाही. म्हणून हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा नसलेल्या गाडीला हे टायर लावू नयेत, असं कंपन्या स्पष्ट सांगतात. ही यंत्रणा बंद असेल तर हवा नसलेल्या टायरवर तुम्ही नकळत ताशी ११० नं जात राहाल, आणि भिंत कधी फाटेल ते फाटल्यावरच कळेल. अशा गाडीत रन-फ्लॅट साध्या टायरपेक्षा जास्त धोक्याचा.

यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हपाशी एक सेन्सर असतो, तो दाब मोजून आकडा डॅशबोर्डला पाठवतो. या सेन्सरला बॅटरी असते, तिचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं, आणि बॅटरी संपली की बहुधा सेन्सरच बदलावा लागतो. तुमची गाडी सहा वर्षांची, म्हणजे सेन्सरच्या उतारवयाला सुरुवात झाली. टायर बदलताना ते रिमवरून काढलेले असतानाच सेन्सर तपासून घ्या. नंतर त्यासाठी टायर पुन्हा उतरवण्यात अर्थ नाही. दुसरी यंत्रणा सेन्सर न लावता काम चालवते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं, तो फरक ती चाकांचा वेग मोजणाऱ्या एबीएस ब्रेकच्या मापावरून ओळखते. ही स्वस्तात पडते, पण टायर बदलले किंवा हवा भरली की तिला नव्यानं शिकवावं लागतं, म्हणजे मेन्यूत जाऊन रीसेट करावं लागतं. चारही टायरांची हवा महिनोन्महिने सारखीच उतरत गेली तर तिला ते उशिरा कळतं, कारण चाकांची आपसातली तुलना बिघडतच नाही.

तपासायचं कसं? किल्ली फिरवल्यावर टायरचं पिवळं चिन्ह क्षणभर लागून विझतं का ते पाहा. मुळीच लागत नसेल तर आधीच्या मालकानं काहीतरी करून ठेवलंय असं समजा. लुकलुकून मग लागूनच राहत असेल तर यंत्रणेतच बिघाड आहे. नीट विझत असेल तर गाडी उभी असताना एका चाकाची हवा बरीच उतरवा, मग गल्लीतल्या गल्लीत हळू एक-दोन फेऱ्या मारा आणि चिन्ह लागतं का बघा. नंतर हवा पुन्हा भरायला विसरू नका. फेरे मोजणारी यंत्रणा असेल तर तिला ओळखायला थोडं जास्त अंतर द्यावं लागतं. गाडी वापरलेली घेतली आहे, म्हणून हेही पाहा की आत्ता चारही टायर खरोखर रन-फ्लॅट आहेत का. मधल्या काळात एखादा फुटला आणि कुणी तिथे साधा बसवून टाकला, असं होत असतं.

ओळखायची खूण टायरच्या बाजूवर असते, पण प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून गोंधळ होतो. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशलिनवर झेडपी, कॉन्टिनेन्टलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ, मर्सिडीजसाठी बनवलेल्यांवर एमओई. मापाच्या आकड्यांमध्ये एरवी नुसतं आर असतं तिथे आरएफ दिसलं तरी तो रन-फ्लॅट. बीएमडब्ल्यूची चांदणी दिसली तर फसू नका. ती या गाडीसाठी मंजूर टायर एवढंच सांगते, रन-फ्लॅट आहे की नाही ते सांगत नाही.

आता नवऱ्याच्या अनुभवाकडे येऊ. रन-फ्लॅट कडक असतो हे निर्विवाद. जी ताठ भिंत हवा नसताना गाडी पेलते, ती हवा असतानाही ताठच राहते, आणि रस्त्याचे बारीक हादरे साधा टायर जसे गिळतो तसे ती गिळत नाही. वजनही जास्त असतं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणून जास्त जाणवतं. मोठ्या खड्ड्यात जोरात आदळलं तर मार रिमपर्यंत पोचतो. अलॉय रिम वाकण्याच्या, क्वचित तडा जाण्याच्या तक्रारी रन-फ्लॅटवाल्यांकडून बऱ्याच येतात त्या उगीच नाहीत.

पण त्यानं तुलना कशाची कशाशी केली? मित्राचे नवेकोरे साधे टायर आणि तुमचे संपत आलेले रन-फ्लॅट. वय झालेलं रबर कडक होतं, नक्षी झिजली की आवाज वाढतो, आणि शॉकअॅब्सॉर्बरनंही सहा वर्षं खाल्लेली असतात. यातला किती त्रास रन-फ्लॅटचा आणि किती म्हातारपणाचा, ते त्या एका फेरीतून कळायचं नाही. नवे रन-फ्लॅट टाकले तरी गाडी आजच्यापेक्षा मऊ चालेल. शिवाय नंतरच्या पिढ्यांचे रन-फ्लॅट सुरुवातीच्या टायरांइतके लाकडी राहिलेले नाहीत. साध्यांइतके मऊ झालेत असं म्हणणार नाही, पण अंतर घटलंय.

सासऱ्यांच्या पाठीसाठी टायर न बदलताही दोन गोष्टी करता येतात. पहिली फुकटची. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे हवेचा आकडा लिहिलेला असतो, तेवढीच हवा आहे ना ते सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. जरा जास्त असलेली बरी म्हणून चार-पाच पीएसआय वर भरून देणारे पुष्कळ असतात, आणि रन-फ्लॅटमध्ये त्याचा हिसका पाठीला लगेच बसतो. चालून तापलेल्या टायरचा आकडा मोजू नका, तो फुगलेलाच दिसतो. तापमान ५-६ अंशांनी बदललं तरी दाबात साधारण एक पीएसआयचा फरक पडतो, म्हणून ऋतू पालटला की पुन्हा पाहायचं.

दुसरी गोष्ट रिमची. तुमच्या गाडीला १८ इंची रिम असतील आणि पुस्तिकेत १७ इंचीही मंजूर असतील, तर खाली उतरण्याचा विचार जरूर करा. समजा आत्ता माप २२५/४० आर १८ आहे. म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ४० टक्के, ९० मिलिमीटर. त्याऐवजी २२५/४५ आर १७ घेतलं तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, पण भिंत १०१ मिलिमीटर होते. हे अकरा मिलिमीटर रबर खड्ड्यात रिमच्या आणि सासऱ्यांच्या दोघांच्याही कामाला येतं. मात्र त्या मापात रन-फ्लॅट मिळतो का ते आधी विचारा, आणि ब्रेकवर १७ चं रिम बसतं का तेही. गाडीचं रूप थोडं कमी रुबाबदार दिसेल. नवऱ्याला ते चालेल का, हे तुम्ही बघा.

टायरवाल्याचं 'पंक्चर निघत नाही' हे म्हणणं अर्धं खरं. नक्षीच्या मधल्या पट्ट्यात लहानसा खिळा घुसला, इशारा वेळेत मिळाला आणि हवा फारशी न उतरताच तुम्ही थांबलात, तर काही कंपन्या आतून पॅच आणि प्लग लावून दुरुस्तीला मान्यता देतात. काही अजिबात देत नाहीत. पण हवा गेलेल्या अवस्थेत टायर चालवला असेल तर तो गेला असंच धरा. तापलेल्या भिंतीच्या आत काय फाटलंय ते बाहेरून दिसत नाही, आणि अशा टायरला पॅच लावून पुन्हा महामार्गावर नेणं म्हणजे पुढच्या पंक्चरला आधार उरणार नाही याची तजवीज करणं. एका खिळ्यापायी महागडा टायर फेकावा लागणं झोंबतं, हे मान्य. रन-फ्लॅटचा खरा खर्च तो हाच. सुटका झाली तर त्याची किंमत एका टायरइतकी, असा हिशेब करून ज्याला ते परवडतं त्यानंच हे टायर घ्यावेत.

कधी कधी या नकारामागचं कारण निराळंच असतं: दुकानातल्या यंत्रावर ताठ भिंतीचा टायर चढवता-उतरवता येत नाही. त्याला मदतीचा जादा हात असलेलं यंत्र लागतं, नाहीतर कड फाटते, सेन्सर मोडतो. स्पष्ट विचारा. चाचरत उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

आता, एवढं होऊनही साधेच टायर घ्यायचं ठरलं तर? बंदी काही नाही. बहुतेक गाड्यांना ते चालतात. पुस्तिकेत आणि विम्याच्या अटींत काही आडवं येत नाही ना ते पाहून घ्यायचं. गाडी थोडी मऊ, थोडी शांत होईल, वळणावर किंचित सैल वाटेल, कारण सस्पेन्शन ताठ टायर धरून जुळवलेलं होतं. हवा मात्र गाडीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच. पण रन-फ्लॅट काढलात त्या क्षणी तुम्ही गाडीतली स्टेपनीही काढलीत, हे लक्षात घ्या. गाडी बनवणाऱ्यांनी डिकीतला खळगा, जॅक आणि पाना वाचवला तो या टायरांच्या भरवशावर. नवरा टायर मऊ झाल्याचं सांगेल. स्टेपनी गेली हे कुणी सांगणार नाही.

तिची जागा भरायला तीन वाटा आहेत. मला त्यातली एकच तुमच्यासाठी बरी वाटते.

बहुतेक लोक बाटलीतला फेसाळ द्रव आणि छोटा कॉम्प्रेसर घेऊन समाधान मानतात. नक्षीतलं ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक त्यानं तात्पुरतं बुजतं. पण भिंत चिरली, टायर रिमवरून सुटला किंवा खड्ड्यात रिम वाकलं तर बाटलीचा काहीही उपयोग नाही. बाटलीला मुदत असते, ती डिकीत पडल्या पडल्या संपून जाते. आणि मुख्य म्हणजे ती वापरायला गाडीतून खाली उतरावंच लागतं, त्याच अंधारात, त्याच कडेला. तुमची अडचण ती सोडवत नाही. बारीक चाकाची तात्पुरती स्टेपनीही सोडवत नाही. तिला डिकीत पक्कं बांधायची सोय लागते, कारण मोकळं चाक अपघातात आतल्या माणसांवर येतं. ती ब्रेकवर बसते का ते आधी चढवून पाहावं लागतं. वर जॅक आणि पाना वेगळा घ्यावा लागतो.

तिसरी वाट जरा कमी माहितीची. स्वतः भोक बुजवणारे टायर मिळतात. बाकी बांधणी साध्या टायरची, फक्त नक्षीच्या आतल्या बाजूला चिकट लगद्याचा थर. खिळा घुसला की लगदा त्याच्याभोवती घट्ट धरतो, खिळा निघाला तर भोकात शिरतो. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचं भोक तो सांभाळतो. भिंत ताठ नाही, म्हणून सासऱ्यांनाही चालेल. कित्येकदा पंक्चर झालं हे कळतसुद्धा नाही, गाडी चालतच राहते. उणीव ही की भिंतीला मार लागला तर हा टायर साध्याइतकाच असहाय. तुमच्या रस्त्यावर पंक्चरं बहुतेक खिळ्यांची असतील, खड्डे आणि फुटक्या कडा कमी असतील, तर नवऱ्याशी तडजोड म्हणून मी यावर तयार होईन. सोबत कॉम्प्रेसर ठेवायचाच.

याच्यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही, हे घरात सांगितलंत तरी चालेल. १९९७ मध्ये शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स गाडीच्या पाचव्या पिढीनं रन-फ्लॅट देऊन स्टेपनीच काढून टाकली. बीएमडब्ल्यूनं २००० नंतर आपल्या बहुतेक गाड्या रन-फ्लॅटवर आणल्या, पण स्वतःच्या वेगवान एम गाड्यांना साधे टायरच ठेवले. म्हणजे एकाच कंपनीनं चालकाच्या गरजेनुसार दोन निर्णय घेतले. घरात एका गाडीवरून वाद होणं त्यापुढे काहीच नाही.

माझं उत्तर कधी बदलेल? तुमचा बराच प्रवास गावांपासून दूर, सलग शे-दीडशे किलोमीटर टायरचं दुकान नसलेल्या रस्त्यांवर होत असेल तर. तिथे ८० किलोमीटरची मर्यादा तुम्हाला मधेच सोडते, आणि पुढच्या गावात नेमका तुमच्या मापाचा रन-फ्लॅट असण्याची शक्यता कमी. तिथे साधे टायर आणि पुरी स्टेपनी हेच शहाणपणाचं. किंवा रात्रपाळी सुटली, गाडी मुख्यतः दिवसा, गावातल्या गावात आणि सासऱ्यांना घेऊनच फिरू लागली तर. तेव्हा नवऱ्याचं खुशाल ऐका.

रन-फ्लॅट घेणार असाल तर चारही एकदम घ्या. एका बाजूला ताठ आणि एका बाजूला मऊ अशा टायरांवर गाडी ओल्या रस्त्यावर अचानक कशी वागेल ते सांगता येत नाही, आणि घसरण सावरणारी यंत्रणाही गोंधळते. माप, ओझ्याचा आकडा आणि वेगाचं अक्षर जुन्या टायरपेक्षा कमी नको. बाजूवर डॉट (DOT) अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. १२२४ असेल तर २०२४ चा बारावा आठवडा. रन-फ्लॅटचा खप कमी असल्यानं दुकानात जुना साठा पडून राहतो, म्हणून हे वाचल्याशिवाय टायर चढवू देऊ नका. झिजण्याची खूण नक्षीच्या खाचांत असते, ती १.६ मिलिमीटरवर येते. पण पावसाचं पाणी कापायची ताकद त्याच्या बरीच आधी संपते, म्हणून ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की नवे शोधायला लागा. चारही टायर आत्ता संपत आलेत म्हणता, तर पावसाळ्याची वाट पाहू नका.

चढवून झाल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, मग दाबाची यंत्रणा रीसेट. आणि दुकानातून निघण्यापूर्वी एक विचारून घ्या: चोरी रोखणारे कुलूपवाले नट तुमच्या चाकांना आहेत का, आणि असतील तर त्यांची चावी कुठे आहे. वापरलेल्या गाडीत ती बऱ्याचदा आधीच्या मालकाच्या कपाटात राहून जाते. ती नसेल तर कुठल्याही टायरचं पंक्चर झालं तरी चाक निघणारच नाही.

कळवाल तर बरं वाटेल की टायरचं पिवळं चिन्ह तपासताना लागलं की नाही. ते लागलं नाही तर टायर राहू द्या, आधी ते दुरुस्त करून घ्या.